एकाच मोटारसायकलवरचे वादी-प्रतिवादी

पुकारा झाला तेव्हा द्वारकाबाई कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसल्या होत्या. मांडीवर डब्याची पिशवी होती. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून त्या मला स्पष्ट दिसत होत्या.

"द्वारकाबाई विरुद्ध गजानन," दारात उभं राहून रहीमभाईंनी आवाज दिला. "द्वारकाबाई, हाजिर हो."

पुकारा म्हणजे कोर्टाच्या शिपायाने दारात येऊन पक्षकाराचं नाव मोठ्याने घेणं. तीन वेळा घेतात. भिंतीवर आता डिस्प्ले बोर्ड लागला आहे, त्यावर लाल आकडे सरकत असतात. पण आमच्या तालुक्यात लोक आकड्यांकडे बघत नाहीत. कान दाराकडे लावून बसतात. रहीमभाईंचा आवाज पलीकडच्या तहसीलपर्यंत जातो. तहसीलमध्ये सातबाऱ्यासाठी आलेली माणसंसुद्धा कधी कधी उठून उभी राहतात.

द्वारकाबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांना कमी ऐकू यायचं.

माझ्या बाजूला गजानन उभा होता. गजानन माझा अशील, म्हणजे या दाव्यातला प्रतिवादी, आणि द्वारकाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने माझ्या कोटाची बाही हलकेच ओढली.

"साहेब, आक्काले बोलावून आनू?"

"तुझं काम फक्त उभं राहायचं," मी म्हणालो.

दुसरा पुकारा झाला. तिसरा झाला. न्यायाधीश मॅडमनी मान वर केली. "वादी?"

"दिसत नाहीत, मॅडम," मी म्हणालो.

"त्यांचे वकील?"

"तेही नाहीत," रहीमभाई दारातून म्हणाले.

मॅडमनी फाईल चाळली. दावा जुना होता. मागच्या तारखेला वादीला पुराव्याची शेवटची संधी दिलेली होती. त्यांनी ऑर्डर सांगितली, स्टेनोने घेतली. दावा खारीज. आमच्या भाषेत 'डिफॉल्टमध्ये गेला'. दावा करणारा हजर नाही, ज्याच्यावर केला तो हजर आहे, तर दावा काढून टाकायचा, असा नियम आहे. सगळं आटपायला एक कप चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

मी कमी बोलणारा माणूस आहे. वकिलीत हे चालतं का, असं लोक विचारतात. चांगलं चालतं. जो कमी बोलतो तो खोटंही कमी बोलतो, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीवर मी आरामात झोपत होतो. त्या दिवशी मी कोर्टाला फक्त दोन शब्द सांगितले. 'दिसत नाहीत.' नंतर आवारात जे होते, त्यांना पुढचं ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

आधी हे सांगायला हवं की वादी आणि प्रतिवादी एकाच मोटारसायकलवर कसे येत होते.

डोणगावच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की यांचं गाव. द्वारकाबाईंना गावातल्या गावातच दिलेलं. भावाचं घर आणि त्यांचं घर एकाच गल्लीत. वडील गेले, जमीन गजाननच्या नावावर लागली. बाईंनी वाटणी मागितली, गजानन 'बघू' म्हणाला. असं बरंच बघून झाल्यावर बाईंनी दावा टाकला. बोलचाल मात्र बंद केली नाही. मी एकदा गजाननला विचारलं होतं, "बहिणीनं कोर्टात खेचलं आणि तू तिला गाडीवर घेऊन येतोस?"

"मंग कशी येईन ती? एस्टी फाट्यावर थांबते. भाऊजीले गाडी येत नाही, आन् कोर्टाचं नाव काढलं का त्यायचं पोट दुखते."

"पण ती तुझ्याविरुद्धच येते ना?"

"कोर्टात इरुद्ध हाये. रस्त्यानं कायले इरुद्ध राहीन?"

मागच्या सीटवर त्याने आक्कासाठी गोधडीची घडी दोरीने बांधून ठेवली होती. बाईंना कमरेचा त्रास होता.

मला याचं फार नवल वाटलं नाही. माझे वडील याच कोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. त्यांच्या लहानपणी न्यायाधीशाला मुन्सिफ म्हणत. आमचा भाग आधी निजामाचा, मग इंग्रजांचा, पुढे नागपूरच्या हायकोर्टाखाली, मग मुंबईच्या. वरचे साहेब बदलत गेले. खाली पुकारा, तारीख, नाझर, हाजिर हे शब्द जिथल्या तिथे राहिले. तेव्हा कोर्ट दूर होतं. वडील सांगत, एकाचे बैल आणि दुसऱ्याचं खाचर असं जुळवून दोन्ही बाजू एकत्र निघायच्या. वाटेत एकाच विहिरीवर भाकरी सोडायच्या आणि कोर्टात पोचल्यावर एकमेकांविरुद्ध शपथेवर सांगायच्या. निकाल लागला की त्याच खाचरातून परत. तालुक्याच्या कोर्टाचा उपयोग काय, असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. गावात रोज तोंड बघायचं असतं. भांडण दारात ठेवलं तर पायात येतं. म्हणून लोक ते इथे आणून ठेवतात, तारखेला येऊन बघून जातात आणि मोकळ्या हाताने घरी जातात. हे चालतं ते एका गोष्टीवर. इथे ठेवलेलं भांडण कोणी मधल्यामध्ये पळवणार नाही, असा दोन्ही बाजूंना भरवसा असतो.

मी ते पळवलं होतं.

का, तर दावा मी हरणार होतो. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा, कायदा स्वच्छ आहे. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या असत्या, चार वाक्यं बोलल्या असत्या, आणि माझ्या हातात काही उरलं नसतं. त्यात आणखी एक होतं. बाईंचे वकील वानखडे माझ्याच बॅचचे. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर ते म्हणाले होते, "उद्या मी बुलढाण्याले, जिल्हा कोर्टात. आलो नाही वेळेवर तं फाईल मागं ठेवाले सांग बे."

हा आमच्या बारचा रिवाज आहे. समोरचा वकील पोचला नसेल तर आपणच उठून सांगायचं, 'मॅडम, फाईल जरा मागे ठेवावी'. कोणीही कोणासाठी करतं. मी मान हलवली होती. मान हलवल्याचा पुरावा नसतो.

ऑर्डर झाल्यावर गजानन बाहेर गेला. मी खिडकीतून पाहत होतो. तो चिंचेखाली जाऊन आक्काजवळ बसला. बाईंनी डबा उघडला. दोघांनी भाकरी खाल्ली. मग तो काहीतरी ओरडून म्हणाला, बाईंनी मान डोलावली आणि दोघं गाडीवर बसून निघून गेले. मला वाटलं, सांगितलं त्याने. कसं सांगितलं असेल याचा विचार मी केला नाही. दुसऱ्या मॅटरची फाईल उघडली.

त्याने सांगितलं नव्हतं. 'तारीख पडली' एवढंच म्हणाला होता.

हे मला कळलं आठवडाभराने. गजानन ऑफिसात आला, खुर्चीवर बसला नाही.

"साहेब, ती मले रोज इचारते, पुढची तारीख कोनती. म्या काय सांगू?"

"दावा खारीज झाला म्हणून सांग."

"कसा झाला म्हणून इचारीन ना मंग."

"वानखडे वकिलांनी कळवलं असेल की तिला."

गजाननने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. "त्यायचा फोन आल्ता. माह्याच फोनवर."

मग उलगडा झाला. वकीलपत्र म्हणजे 'या वकिलाने माझ्यातर्फे काम पाहावं' असा पक्षकाराने सही करून दिलेला कागद. त्यावर फोन नंबर लिहावा लागतो. बाईंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी घरातला म्हणून भावाचा नंबर दिलेला. वानखड्यांनी त्यावर फोन केला, याने 'सांगतो' म्हटलं. दोघं जोडीने येतात-जातात, त्यामुळे वानखड्यांना वाटलं घरात मिटलं असेल. कोर्टाचा एसएमएससुद्धा गजाननलाच आला होता. दोनदा. एक प्रतिवादी म्हणून त्याचा आणि एक वादी म्हणून आक्काचा. 'आपले प्रकरण निकाली निघाले आहे.' दोन्ही त्याने जपून ठेवले होते. पुसायचं धाडस झालं नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस तिला?"

"एक तारीख सांगून देल्ली. मनानंच."

"कोणती?"

त्याने सांगितली. मी कॅलेंडर पाहिलं. बुधवार होता. निदान सुट्टीचा दिवस तरी निवडायचा होतास, असं मी म्हणालो. त्याला हसू आलं नाही. मलाही यायला नको होतं.

"तोवर काहीतरी होईल," मी म्हणालो. वकील हे वाक्य दिवसातून बरेचदा म्हणतात. त्याचा अर्थ आम्हालाही माहीत नसतो.

काही झालं नाही. तो बुधवार आला. मी कोर्टात पोचलो, टेबलावर फाईल ठेवली, खिडकीतून सहज पाहिलं आणि तसाच राहिलो. चिंचेखाली द्वारकाबाई बसल्या होत्या. नवं लुगडं, मांडीवर डब्याची पिशवी. बाजूला गजानन, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

तो धावत दारापर्यंत आला. "साहेब, सकाळी मी उठाच्या पयलेच ती गाडीजवळ उभी होती. डबा घिऊन. मंग आनलं."

"अरे, पण आज बोर्डावर तुमचं प्रकरणच नाही."

"मले मालूम हाये. तिले मालूम नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, रहीमभाईले सांगून एक खोटा पुकारा होईन का?"

तो विनोद करत नव्हता. खरंच विचारत होता. मी दोन शब्द खोटे बोललो होतो, त्यावर त्याने एक तारीख रचली होती, आता त्याला पुकारा हवा होता. उद्या खोटा न्यायाधीश लागला असता.

मी काळा कोट अंगावर तसाच ठेवून बाहेर गेलो. ऊन चढलं होतं. चिंचेच्या पारावर बरीच माणसं बसलेली. एका बाजूला अर्जनवीस टाइप करत होता, दुसरीकडे चहावाला. मी बाईंसमोर उकिडवा बसलो. असल्या गोष्टी हळू आवाजात सांगायच्या असतात. मी हळूच सांगितलं.

"बाई, तुमचा दावा खारीज झाला."

त्यांनी पदर कानामागे सारला. "काय म्हनलं?"

मी थोडं मोठ्याने सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गजाननकडे. "गजा, काय म्हनून राह्यले हे?"

गजानन जमिनीकडे पाहत होता.

मी उभा राहिलो. माझ्या आवाजाची मला सवय नाही. कोर्टात मॅडम दोनदा म्हणतात, 'जरा मोठ्याने, वकीलसाहेब'. त्या दिवशी मी रहीमभाईंसारखा बोललो.

"तुमचा दावा मागच्या तारखेला गेला. पुकारा झाला तेव्हा तुम्ही इथंच बसल्या होत्या. गजानन तुम्हाला बोलावायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. मला तुम्ही खिडकीतून दिसत होत्या. मी मॅडमना सांगितलं, दिसत नाहीत म्हणून."

टाइपरायटर थांबला. पारावरच्या माणसांनी मान फिरवली. रहीमभाई दारात आले होते, कोण ओरडतंय ते पाहायला. तहसीलच्या बाजूनेही दोघं-तिघं येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं असेल त्यांचंच नाव निघालं.

बाईंना या वेळी सगळं ऐकू आलं. त्या माझ्याकडे न पाहता भावाला म्हणाल्या, "मंग आज तू मले आनलं काऊन?"

"तू तयार होऊन उभी होती ना, आक्का."

"मले ऐकू येत नाही, म्हनून तुह्या भरोशावर बसत होती मी."

गजानन उठून बाजूला झाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आन् तुम्ही काऊन सांगून राह्यले? तुम्ही तं याचे वकील हाये ना?"

मी कामाचं तेवढं बोललो. "दावा परत लावून घेता येतो, बाई. एक महिन्याची मुदत असते. अजून आहे."

"काय हाये?"

"मुदत आहे," मी ओरडलो. पारावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

वानखडे बार रूममधून बाहेर आले होते. त्यांनीही ऐकलं होतं, न ऐकायला जागाच नव्हती. त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मागं ठेवाले सांग म्हनलं होतं तुले."

"हो."

"मान हालवली होती तू."

"हो. आता अर्ज टाक. आम्ही ना हरकत देतो."

"कारन काय लिहू? गैरहजर काऊन राहिल्या त्याचं?"

"गैरहजर नव्हत्याच. खरं ते लिही."

"खरं लिहिलं तं तुह्यं नाव येते बे."

"येऊ दे."

गजानन मागे येऊन उभा होता. म्हणाला, "साहेब, माही ना हरकत पयले लिहा. माही सही कुठी करू तेवढं सांगा."

अर्ज दुपारीच दाखल झाला. अशा अर्जावर कोर्ट आधी समोरच्या बाजूचा 'से' मागवतं. से म्हणजे तुमचं यावर म्हणणं काय, ते. बहुतेक वेळा तिथल्या तिथे अर्जाच्या पाठीवरच लिहून देतात. इतकी वर्षं माझा से ठरलेला होता. 'अर्जातील मजकूर खोटा असून अर्ज नामंजूर व्हावा.' न वाचताही लिहिता येतो, कित्येकदा लिहिलाही आहे. त्या दिवशी मी लिहिलं की अर्जदार पुकाऱ्याच्या वेळी आवारात हजर होत्या, ते मला ठाऊक होतं, कोर्टाला मी चुकीचं सांगितलं, आणि प्रतिवादीची अर्जास हरकत नाही. खाली गजाननची सही, माझी सही.

मॅडमनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्या पुण्याकडच्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या.

"तुम्ही हे काय लिहिलंय, ते कळतंय ना तुम्हाला?"

"हो, मॅडम."

"मी त्या दिवशी विचारलं होतं."

"हो."

"दिसत नाहीत, म्हणालात."

"दिसत होत्या."

कोर्टात तेव्हा बरेच वकील होते. सगळ्यांनी आपापल्या फायलींत डोकं घातलं. मॅडमनी पेन उचललं. मग अर्ज मंजूर केला. दावा मूळ नंबरवर परत लागला. फाईल बाजूला ठेवताना म्हणाल्या, "यापुढे तुमच्या मॅटरमध्ये मी शिपायाला झाडाखाली पाठवीन. तुम्हाला विचारणार नाही."

आणि त्यांनी ते पाळलं. त्यांची बदली होईपर्यंत माझ्या प्रत्येक प्रकरणात रहीमभाई तीन पुकारे करून चिंचेखाली फेरी मारून येत. "वकीलसाहेब," ते मला एकदा म्हणाले, "तुमच्या दोन शब्दांपायी माह्ये गुडघे चालले." उन्हाळ्यात मी त्यांना ताक पाजायचो.

मी गजाननचं वकीलपत्र सोडलं. त्याने दुसरा वकील केला. माझे काही अशील गेले. जो स्वतःविरुद्ध से देतो तो आमच्यासाठी काय भांडणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. वानखडे वर्षभर माझ्याबरोबर चहा प्याले नाहीत, मग एकदा स्वतःच टपरीवरून हाक मारली.

द्वारकाबाईंनी चिखलीहून कानाचं मशीन आणलं. पहिल्यांदा लावून आल्या त्या दिवशी पुकारा ऐकून दचकल्या. "हा मानूस एवढा वरडते?" त्या वानखड्यांना म्हणाल्या. नंतर दर तारखेला त्या चिंचेखाली न बसता थेट रहीमभाईंच्या बाजूला दारात उभ्या राहत. साक्ष झाली. चार वाक्यंच बोलल्या. पुढे दोन्ही बाजूंनी कोर्टासमोर तडजोड लिहून दिली. विहिरीकडचा हिस्सा बाईंना गेला, मोजणी झाली, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड बसला. जे पहिल्या दिवशी व्हायचं तेच झालं.

फक्त त्या बुधवारी दुपारी बाई गजाननच्या गाडीवर बसल्या नाहीत. पिशवी घेऊन स्टँडकडे चालत गेल्या. तो गाडी ढकलत मागून गेला, फाट्यापर्यंत सोडतो म्हणत होता. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यानंतर प्रत्येक तारखेला त्या एस्टीने आल्या, फाट्यापासून गावापर्यंत पायी गेल्या असतील. तडजोडीच्या दिवशीसुद्धा. सही झाल्यावर दोघं एकमेकांशी बोलले, घरचं काहीतरी, म्हशीचं. मग त्या स्टँडकडे निघाल्या.

गजानन अजूनही तालुक्याला आला की कोर्टासमोर गाडी लावतो आणि मला रामराम करून जातो. मागच्या सीटवर गोधडीची घडी दोरीने बांधलेली असते. मी विचारत नाही.

खारीज झालेला दावा परत लावता येतो. त्याला नियम आहे, मुदत आहे, अर्जाचा नमुना आहे. गाडीवरच्या मागच्या सीटचा अर्ज कुठे करायचा, ते मला इतक्या वर्षांच्या वकिलीत सापडलेलं नाही. म्हणून नव्या वकिलांना मी मला जमतं तेवढंच सांगतो. वकीलपत्रावर नंबर लिहून घेताना तो कोणाचा आहे ते विचारा. आणि पुकारा झाला की खिडकीतून एकदा बाहेर बघा. काही दिसलं, तर दिसलं म्हणून सांगा.